प्रत्यय

तार्तूत फेब्रुवारीत पारा उणे सतरावर जातो तेव्हा
माणसं गोठलेल्या नदीवरून चालत पलीकडे जातात
आणि आमच्या सभागृहातले रेडिएटर
जेवण अंगावर आलेल्या म्हाताऱ्यांसारखे ढेकर देत बसतात.
त्या आवाजात साठ मुलं पेन्सिलींना टोक करत होती.
शालेय भाषाशास्त्र स्पर्धा, अंतिम फेरी.
पाच कोडी, सहा तास, माणशी एक केळं.

तिसरं कोडं माझं.

एका बेटावरच्या भाषेतली बारा वाक्यं.
ती भाषा तुम्हाला यायची गरज नाही,
नव्हे, येता कामा नये, तोच तर नियम.
वाक्यांखाली अर्थ दिलेले. पुढे
डोकं तुमचं, खोडरबर तुमचं.

वाक्यं मी मारेट पाऊकडून उतरवून घेतली होती
तेवीस वर्षांपूर्वी, तिच्या स्वयंपाकघरात,
ती हेरिंग साफ करत असताना.
भावाची होडी. शेजाऱ्याचं कुत्रं. माझं जाळं.
काही शब्दांना मागे एक शेपूट यायचं: म्मे.
नमुना-उत्तरात मी लिहून मोकळी झाले होते,
म्मे म्हणजे भूतकाळ. होतं, आता नाही.

सातव्या वाक्यात मात्र पाणी मुरत होतं.
"उद्या मी वडिलांचा कोट घालीन."
उद्या. आणि तरीही म्मे.
समितीतला तार्मो म्हणाला, गाळ ते, मुलं गोंधळतील.
मी म्हटलं, राहू दे, अपवाद कुठे नसतो.
खरं सांगायचं तर
मला तो कोट आवडला होता.

संध्याकाळी कागद तपासायला बसलो.
भूतकाळ, भूतकाळ, भूतकाळ,
पूर्ण गुण, पूर्ण गुण, कॉफी,
एका पानावर केळ्याचा डाग आणि भूतकाळ.
मग नार्वाहून आलेल्या ताइसियाचा कागद.
घरी रशियन बोलणारी मुलगी,
आमच्या भाषेत शुद्धलेखनाच्या चुका पावलोपावली,
विचार मात्र ताठ:

"म्मे वस्तूला लागत नाही, मालकाला लागतो.
वाक्य ४: होडी कालची, तरी म्मे नाही. भाऊ असावा.
वाक्य ७: कोट उद्याचा, तरी म्मे आहे.
वाक्य ९: कुत्रं अजून दारात बसतं, शेजारी गेला.
नियम: माणूस मेला असेल तर म्मे."

नमुन्याशी जुळत नाही, तार्मो म्हणाला, अर्धे गुण दे.
मी उठले आणि तळघरातून टेप घेऊन आले.

खरखर. सुरी. खवले.
मग मी, एकोणचाळीस वर्षांची, बोट पकडायच्या घाईत:
"म्हणजे हा भूतकाळ, बरोबर ना?"
मग स्टोव्हचं दार उघडल्याचा आवाज.
बराच वेळ काही नाही.
दार लावल्याचा आवाज.
"तू म्हणतेस तर तसं," मारेट म्हणाली.

दारी आलेल्या पाहुणीला कोण खोटं पाडणार,
त्यातून ती विद्यापीठातून आलेली.

प्रत्यय शब्दाला लागायला क्षण पुरतो.
मला यायला तेवीस वर्षं लागली.

ताइसिया एकोणिसावी आली.
चौथं कोडं तिने कोरंच सोडलं होतं,
वेळ नाही पुरला.
बस सुटायच्या आधी मी तिला गाठलं, विचारलं,
कसं सुचलं तुला?
"सातवं वाक्य," ती म्हणाली.
मग टोपी कानांवर ओढत, माझ्याकडे न बघता,
"आमच्याकडे पण एक कोट आहे."

रात्री टेपच्या डब्यावर नवी चिठ्ठी लावायला घेतली.
मारेटचा आवाज,
एवढंच लिहायचं होतं, तिच्या भाषेत.
नावापर्यंत आले
आणि पेन म्मेपाशी अडलं.
यंत्रावर टेप अजून फिरत होती.
ती हेरिंग साफ करत होती.