केळ्याचा वास

चर्चच्या तळघरात, जिथे बुधवारी सूप वाटतात,
तिथे मिस ओडेलने आम्हा अकरा जणांना मास्क घातले,
डोक्यावर एकेक पारदर्शक पिशवी चढवली
आणि आत सोडला केळ्याच्या अर्काचा थेंब.
"मान डावीकडे. उजवीकडे. आता वर, खाली.
जागच्या जागी धावा. आता बोला काहीतरी, मोठ्याने.
वास आला तर हात वर करा.
वास आला म्हणजे मास्क गळतोय."

मी वीजबिलाचा ग्राहक क्रमांक म्हटला,
मग पोराच्या रक्तातल्या शिशाचा आकडा, तीन वर्षांचे तीन.
तेवढंच पाठ होतं.
वास आला नाही.

थॅडियस ग्रिग्जचा हात लगेच वर.
दाढी. एकोणीस वर्षांची, छातीपर्यंत.
रबर आणि गालामध्ये केसाएवढी फट,
आणि ॲस्बेस्टॉसला, मिस ओडेल म्हणाली,
केसाएवढी फट म्हणजे हमरस्ता.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी आला तो कुणी परकाच,
हनुवटीवर व्रण, ज्याबद्दल आम्ही विचारलं नाही,
आणि गाल असे फिके, जशी
जुना फोटो उतरवल्यावर भिंत.
"बायकोनं दाराची साखळीच काढली नाही,
आवाज ऐकेपर्यंत."
हसलो. तोही हसला.
तासाला एकवीस डॉलर.
दाढीला बरा भाव आला.

चाळीस तास.
हातमोजे दोन जोड, आतला सगळ्यात शेवटी.
धूळ झाडायची नाही, भिजवायची.
बॅटऱ्या वितळवणारा कारखाना
माझ्या जन्माआधीच बंद पडला,
पण त्याची राख अजून कामावर आहे
आमच्या गल्लीत, एकही रजा न घेता.
पूर्वीही आले होते लोक मोजायला.
नारिंगी झेंडे खोचून गेले अंगणांत.
आम्ही पोरं त्या झेंड्यांनी लढाई खेळलो.

एप्रिल. टोलेडोत अजून थंडी.
पहिल्या कामाची यादी: कॉर्लिस स्ट्रीट, सतरा अंगणं.
नववं आईचं.
मुकादम म्हणाला, बदलून देऊ?
मी नको म्हटलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आई कोट घालून पायरीवर.
समोर सहा पांढरे सूट, सहाही सारखे.
"तुमच्यात माझी कुठली?"
मी हात वर केला.

तीस वर्षांचा वाफा. कोलार्डची रुंद, काळसर पानं.
त्यावर आम्ही वाढलो, शेजारच्या डिक्सनांची पोरं वाढली,
पाद्र्याच्या घरी दर ईस्टरला टोपली जायची.
दोन फूट खोल. सगळं.
"एक कुंडीभर तरी माती ठेव गं."
मान डावीकडे. उजवीकडे.
शिकवली होती तशीच.

फावड्याला लागलं ते:
एक काचेची गोटी, वाकलेला चमचा,
कुत्र्याच्या पट्ट्याचं बक्कल,
एलरॉयच्या खेळण्यातल्या ट्रकचं चाक,
ज्याच्यासाठी त्यानं मला चावलं होतं,
आणि मी खरंच घेतलं नव्हतं.
तेही पिशवीत. पिशवीला गाठ, गाठीला चिठ्ठी.

शिशाला वास नसतो.
चव असते म्हणे, जराशी गोड.
आणि आईची भाजी
साऱ्या गल्लीत गोड म्हणून नावाजलेली.

दुपारी तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली.
दुकानातून आणलेली जुडी, पातेलं, वाफ.
दोरीपलीकडे मास्क उतरवून पाणी पीत
थॅडियस ओरडला, "अगं, काय वास सुटलाय!
व्हिनेगर, धुरावलेली टर्की!"
मी फावडं टेकवलं,
छाती भरून श्वास घेतला.
पुन्हा एकदा घेतला.

काही नाही.
मास्क अगदी बरोबर बसला होता.