डावी रिकीब

नारिनच्या इस्पितळात ती आली
तेव्हा मांडीला नमद्याची घडी होती
आणि दोन्ही अंगांना तंबूच्या छताच्या काठ्या,
दोरानं घट्ट बांधलेल्या.
"कुणी बांधलं?" मी विचारलं.
बापानं हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

आयझिरेक. वय नऊ. घोडी घसरली, अंगावर आली.
डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलेलं, तिरकं.
भूल चढेपर्यंत विचारत होती,
घोडीचं काय झालं.
बरी आहे, मी म्हटलं.
मला ठाऊक नव्हतं.

गुडघ्याच्या जरा वर, फोटोत, हाडात एक काळी रेघ दिसते.
तिथून मूल वाढतं.
त्या रेघेला धक्का लावायचा नाही,
बावीस वर्षं मी हे मनात म्हणत आलेय
सुरी हातात घेण्याआधी.
रेघेच्या दोन बोटं वर भोक पाडलं,
टायटॅनियमची सळई हातानं वाकवली,
आत सरकवली. दुसरी पलीकडून.
पडद्यावर दोघी चढत गेल्या,
मोडीपाशी थबकल्या.
पहिली गेली. दुसरी जाईना.
शिशाच्या झग्याखाली घाम उतरत होता.
कुबानिच हळूच म्हणाला, "मनगट फिरवा, डॉक्टर."
फिरवलं. गेली.

सकाळी बापाला फोटो दाखवला.
तेमिरकुल तंबूच्या काठ्या करतो,
वाळुंज वाफेवर धरून वाकवतो.
खिडकीशी जाऊन त्यानं फोटो उजेडात धरला,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "बाक समोरासमोर दिलात.
बरोबर. नाहीतर छत एका अंगाला कलतं."
आणि जरा थांबून,
"थंडीआधी उतरवाल ना?
तंबू काही बारा महिने उभा ठेवत नाहीत."
हा ठेवू, मी म्हटलं. एक हिवाळा.

बर्फ वितळल्यावर सळया काढल्या.
तिनं दोन्ही मागून घेतल्या,
लोकरी मोज्यात घालून ठेवल्या.
डावा पाय नऊ मिलिमीटर जास्त भरला.
मुलांचं मोडलेलं हाड कधी कधी असं
रागानं वाढतं.
पुस्तकात रागाचा उल्लेख नाही.
मी तेमिरकुलला समजावू लागले,
चालण्यात कळणारसुद्धा नाही, वगैरे.
तो मान हलवत बाहेर गेला.

खिडकीतून पाहिलं,
फाटकाशी तीच घोडी उभी,
कानामागे जुना व्रण,
आणि हा खाली बसून, आरी घेऊन,
डाव्या रिकिबीच्या पट्ट्याला
एक भोक खाली पाडतोय.