वरच्या दोन ओळी

धंतोलीत सातव्या मजल्याच्या गच्चीवर तिपाई रोवली.
नऊ ओळी, ओळीत एकवीस : एकशे एकोणनव्वद फोटो,
हॉस्पिटलच्या भिंतीसाठी चाळीस फूट नागपूर.
मोटर फिरवेल, आपण नुसतं थांबायचं
असा माझा समज.

पहिल्या दिवशी एकशे बारा आणि एकशे तेराच्या मध्ये
शहर बोटभर फाटलं.
दोन्हींत सामाईक असं काही नाही,
एक कौल नाही, एक अँटेना नाही.
मोटरचं डोकं काढून गुलाब निनावेपुढे ठेवलं.
गांधीबागेत तो कूलर दुरुस्त करतो,
मे महिना, दुकानात रांग,
तरी त्यानं ते कानाला लावलं.
"कूलर असो का कॅमेरा, मोटर त मोटरच असते ना बाप्पा.
ग्रीसचं पाणी होऊन राह्यलं. दात घसरून राह्यला."
पंचेचाळीस अंशांत माणसाचंही तेच होतं,
पण ते त्यानं सांगितलं नाही. शंभर रुपये घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुरुवात.
एकाहत्तर ते शहात्तर हलले.
मी लेन्स बदलली, केबल बदलली,
तिपाईला विटांची पिशवी टांगली.
तिसऱ्या दिवशी पुन्हा एकाहत्तरलाच.
वॉचमन हेडाऊ चहा घेऊन वर आले, म्हणाले,
"सहाला टुल्लू सुरू होते साहेब. तुमच्या पायाखालीच."
पाणी चढताना स्लॅब थरथरते.
सात मजले त्यावर आंघोळ करतात,
कुणाला कळत नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी पंप तासभर उशिरा लावला.
सात मजले खोळंबले, मला शिव्या बसल्या असतील,
पण फोटो आले. रात्री जोडायला बसलो.

शेजारच्या गच्चीचा कठडा दोन ठिकाणी तुटलेला,
कारण मी कॅमेरा त्याच्या पोटाभोवती फिरवला होता,
डोळ्याभोवती नाही.
तीन बोटं मागे घ्यायला हवा होता.
तीन बोटं.
तेवढ्यानं सीताबर्डीचा किल्ला ढळत नाही,
जवळचेच तुटतात.

आणि वर आकाश.
वरच्या दोन ओळी, बेचाळीस फोटो, नुसतं पांढुरकं निळं.
ढग नाही, तार नाही. संगणकानं धरावं कुठे?
त्यानं एक घार धरली.
सात फोटोंत ती होती, सातही ठिकाणी वेगळी.
तिला स्थिर मानून त्यानं बाकी शहर वाकवलं :
मेट्रोचा पूल कमानीसारखा,
अंबाझरीचं पाणी उतारावर, तरी न सांडलेलं.
मी घारीवरच्या खुणा एकेक करून पुसल्या.
मग आकाश आकड्यांवर बसवलं,
मोटर म्हणाली होती तिथे तिथे,
जिचा दात चार दिवसांपूर्वी घसरला होता तीच मोटर.
दुसरं कुणी तिथे नव्हतं विचारायला.

राहिली एक बाई.
एकशे साठमध्ये त्या कठड्याआड वाकून
सोऱ्यानं कुरडया पाडणारी.
एकशे एकसष्टमध्ये ती नाही,
लुगड्यावर ओल्या कुरडयांची अर्धी रांग.
शिवण बरोबर तिच्यातून गेली.
संगणकानं रिकामी गच्ची ठेवली, जोड तिथे साफ येतो,
फक्त एक कोपर राहून गेलं, हवेत.

हॉस्पिटलवाले म्हणाले, हे काय मध्येच, काढून टाका.

मी शेजारच्या इमारतीत जिने चढून गेलो.
वनमाला पराते. दारातच विचारलं,
"मी आली का फोटोत?"
कोपर आलं, म्हटलं.
तिनं हात वळवून ते पाहिलं, डावं की उजवं ठरवत.
"मंग राहू द्या. चीक घाटून घाटून तेच दुखते."

राहू दिलं.
हाडांच्या डॉक्टरांच्या रांगेत
बाराव्या नंबरला उभं राहिलं
की ते अगदी डोळ्यांसमोर येतं.