कोमट

भिलारला माघात पहाटे
शेडमधल्या बाटल्या अशा गारठतात
की बोटं चिकटावीत.
आणि इकडे कढईत जॅम रटरटतोय,
स्ट्रॉबेरीचा, शेवटच्या तोड्याचा.

मालकांनी यंदा नव्या बाटल्या आणल्या,
जाड बुडाच्या,
हातात घेतली की पैसे वसूल वाटावेत.
पहिल्याच घाण्यात तेवीस गेल्या.

फुटल्या म्हणजे
आवाज तरी धड कुठं झाला. टिक्.
उचलायला गेलं तर बाटली हातात
आणि बूड टेबलावरच,
बांगडीसारखी गोल कड,
वर लाल जॅम, वाफा टाकत.

मालक म्हणाले, माल खोटा आला.
रेहानाबी डांगे म्हणाली, माल नाही, घाई.

तिनंच शिकवलं मला.
ऊन पडलं की काचेच्या आतल्या अंगाला कळतं,
बाहेरच्याला अजून कळायचं असतं.
आतलं पसरू बघतं, बाहेरचं जागचं हलत नाही,
आणि तडा जातो
तो बाहेरच्याला.
पातळ काचेत निरोप लवकर पोचतो गं,
जाड असते तीच जाते.
म्हणून आधी कोमट पाणी,
मग त्याहून ऊन, मग जॅम.
खाली गोणपाट. ओली फरशी नको.

पसरणीच्या घाटात माझा भाऊ गेला
तेव्हा सांगायला तीच आली होती.
उंबऱ्यावर बसली. पाणी मागितलं.
रोपं कितीला पडली यंदा, विचारलं.
मग म्हणाली, एक जीप घसरलीय.
मग चहा ठेवायला लावला.
मग म्हणाली, जालिंदरला लागलंय.
चहा उतू जायला आला तेव्हा
गॅस तिनंच बंद केला
आणि उरलेलं सांगितलं.

वर्षभर बोलले नाही मी तिच्याशी.
भाऊ तिकडं पडलेला
आणि माझ्याकडून चहा करवून घेतलास!

आता ती कामावर येत नाही, गुडघे गेले.
बाटल्या मी शेकते.
नखानं वाजवून बघते,
टण् वाजली ती भरायची,
थप् वाजली ती बाजूला.

तरी एखादी निसटतेच.
भरलेली, झाकण लावलेली, लेबल चिकटवलेली,
रात्री फळीवर,
कुणी हातसुद्धा लावलेला नसताना,
टिक्.

सकाळी मुंग्यांवरून कळतं
कुठली ते.