डबक्याला भरती

गावाचं नाव डबका.
मराठीत सांगितलं की लोक हसतात,
म्हणून दिघे घरी नुसतं "महीवर" म्हणतो.

फाल्गुन लागलाय. बडोद्यातून निघताना स्वेटर,
पादरा सुटेपर्यंत तो कमरेला.
स्कूटरवर मागे मी, मांडीत दोन गळ,
आणि कणकेच्या गोळ्या
वहिनींच्या हळदीच्या डब्यात.

पाणी गेलेलं. दूरवर चिखल,
त्यावर बगळ्यांची पावलं
खाडाखोड केलेल्या अर्जासारखी.
आम्ही दोघे पेन्शनर,
थांबायची सवय आहे.

दहाच्या सुमाराला बुधाभाई पढियार
जाळ्यावरची मान वर न करता म्हणाला, "आवी."
आधी ऐकू आली,
कुणी ओलं जाजम ओढत आणावं तशी.
मग आखातातलं मातकट पाणी आत शिरलं
आणि नदी आल्या वाटेनं
परत निघाली.

दिघ्याचा दोरा ताणला.
बोय. वीतभर.
एकतीस वर्षं फायलींच्या टाचण्या काढलेल्या बोटांनी
त्यानं गळ सोडवला,
क्षणभर तिला तळहातावर धरलं,
"लहान आहे," म्हणाला, सोडून दिली.
गेल्या वर्षीची कोपरभर होती.
तीही लहान होती.

परतताना बुधाभाईकडून दीड किलो.

दांडिया बाजारात वहिनींनी एकेक बोय उचलली,
ओठ दाबून पाहिला.
एकालाही भोक नाही.

"बरी मिळाली हो आज," त्या म्हणाल्या,
आणि नारळ फोडता फोडता,
"माझा डबा?"

दिघ्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी नदीच्या दिशेला.