इतर हक्क

सूचीत त्याचं नाव नाही.
बाकीचे सगळे आले: आवृत्ती, परवाना, धनी,
कोण कोणावर टेकलंय त्या बाणांसकट.
आग्नेलचा ‘मापारी’ तेवढा बाहेर.
हे साधन मी ओळखत नाही, म्हणते सूची.
लाल अक्षरांतसुद्धा नाही. करड्या.

आग्नेल सहा वर्षं स्विंडनला,
गोदामात रात्रपाळी करतो.
जाताना त्याने चोवीसशे ओळी ठेवल्या
आणि वर एक टीप, रोमी कोंकणीत:
हांगा हात लावूं नाका.
कुणी लावला नाही.
मांडवीतल्या प्रत्येक बार्जचा वजनकाटा
अजून त्यानेच बांधलेल्या प्रोग्रॅमवर चालतो,
किती टन, कुठला धक्का, कोणाचा माल,
आणि पर्वरीच्या ऑफिसात तपासनीस विचारतो,
हा कोण?

बाबा असेच उभे होते फोंड्याला, मामलेदारापुढे.
एकोणीस तारखा.
एक-चौदाच्या उताऱ्यावर भाटकाराचं नाव,
घर मात्र आमचं, माशेलचं, शेणाने सारवलेलं.
पुरावा?
बाबांनी एकाहत्तरचं वीजबिल काढलं, घडीवर फाटलेलं.
मग शेजारची रोझालीना उठली, म्हणाली,
लग्न होऊन आले तेव्हापासून
ह्यांच्या चुलीचा धूर माझ्या कपड्यांना लागतोय,
आणखी काय पायजे?

सूचीला शिकवता येत नाही कोणाला ओळखायचं ते.
पण तिला एक खिडकी आहे,
ठरल्या साच्यातला कागद बाहेरून सरकवता येतो.
म्हणून चाळीस ओळींची एक कारकून लिहिली मी,
‘मापारी’ चालतो तेव्हा ती बाजूला बसते,
तो काय उघडतो, कोणाकडून काय मागून आणतो,
टिपून घेते. त्याला हात न लावता.

आवृत्ती: त्याला नाहीच. शेवटच्या बदलाची तारीख टाकली,
नाताळच्या आदल्या रात्रीची.
अवलंबून: अकरा.
धनी:
इथे चहा गार झाला.

त्याला मेसेज केला. उत्तर पहाटे आलं.
अजून चालता? सायबा!
एकतिसाव्या ओळीत तारीख उलटी वाचते गो,
तेवढं बघ.

धनी म्हणून कंपनी लिहिली.
आणि साच्यात नसलेला एक रकाना जोडला,
इतर हक्क: आग्नेल.
सूचीने घेतला. कुरकुर नाही.

घराची नोंद झाली तेव्हा
आमच्याकडे पहिलं काय आलं, तर घरपट्टी,
दंडासकट.
बाबांनी ती दोनदा वाचली, नावावर बोट फिरवून,
आणि देवाच्या फोटोमागे ठेवली.

आज सकाळी ‘मापारी’ सूचीत दिसला.
नावापुढे तीन इशारे,
अकरांतल्या एकाला चार वर्षांपासून कोणी वाली नाही.
लाल, ठळक.
मी आईला फोन लावला,
घरपट्टी भरली का विचारायला.