सळईला कान

रात्री दोन ते पाच आमची ड्युटी.
खेतवाडीच्या गल्ल्यांत झाकणं उचलायची,
व्हॉल्व्हवर लोखंडी सळई टेकवायची,
दुसऱ्या टोकाला कान.
पाणी नीट जात असेल तर गुणगुणतं,
अंघोळीला निघालेल्या माणसासारखं.
गळत असेल तर सूंऽऽ करतं, बारीक,
दातांतून हवा जावी तसं.
फरक शिकायला मला चार वर्षं लागली.
जनार्दन ढेकणेला सहा महिने.

आता हे आडनाव.
हजेरीला पाटणकर साहेबांनी ‘ढेकणे’ म्हटलं
की मागून कुणीतरी, ‘गादीत बघा, साहेब.’
खुर्चीवरून कुणी खाजवत उठलं
की, ‘जनार्दन बसला होता वाटतं.’
एकोणीस वर्षं. त्यात नवं काही नाही,
तेच ते, पायाला बसलेल्या वहाणेसारखं.
आणि तो स्वतःच पुढे असायचा.
नवा पोरगा भरती झाला की हात पुढे करून,
‘ढेकणे. रात्रपाळीलाच बाहेर येतो.’
खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला विनोद त्याचाच.
मग आम्ही कशाला मागे राहू?

माणूस दार स्वतःच उघडतो
ते कधीकधी
कुणी लाथ मारू नये म्हणून.
हे आत्ता लिहितोय.
तेव्हा चहा पीत होतो.

तो चहाच सांगतो. मार्च महिना,
बाराव्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवाला अन्सार,
इब्राहिम फिटर, मी, जनार्दन.
त्यानं डब्याच्या पिशवीतून झेरॉक्स काढली,
राजपत्रातली, पोरीची.
जुनं नाव: रेवती जनार्दन ढेकणे.
समोरच्या रकान्यात: रेवती जनार्दन.
पुढे काही नाही.
कागद टॉर्चखाली धरून म्हणाला,
‘आडनाव टाकलं. पण माझं नाव ठेवलं बघ,’
आणि बोट त्या ‘जनार्दन’वर,
नखात गंज.

मी म्हटलं,
‘वा! पोरीनं पेस्ट कंट्रोल केलं की रे!’

विनोद म्हणून तो चोख होता, अजूनही म्हणतो.
जिभेवर आला आणि निघाला,
मध्ये कुठे नाका लागला नाही.
इब्राहिमच्या नाकातून चहा आला.
अन्सारला मराठी अर्धवट, तोही हसला.
जनार्दनही हसला.
पण उशिरा.
किती? अर्धा सेकंद.
घड्याळवाल्याला विचारा, म्हणेल एवढं चालतं.
पण माझा कान त्याच कामाचा पगार घेतो.
हसण्याआधी, दातांतून,
बारीक
सूं.

मी काय केलं? काही नाही.
चहाचे पैसे दिले, पाळी त्याची होती.
माफी म्हणून दिले, असं पुढे बायकोला सांगितलं.
खरं तर माझ्याकडे सुट्टे होते.

त्यानं कागदाची चौपट घडी केली,
उघडली, पुन्हा केली.
मग सळई उचलली, अकराव्या गल्लीत वाकला,
बराच वेळ वाकलेला राहिला,
आणि म्हणाला, ‘इथं आहे.’
सकाळी खणलं. पाच फुटांवर तिथंच निघालं.
त्याचं कधी चुकायचं नाही.

थट्टेची हद्द कुठे संपते म्हणून लोक भांडतात.
मी पाइपाचा माणूस, हद्दीचं मला कळत नाही.
एवढंच ठाऊक आहे की वरून रस्ता कोरडा असतो,
टॅक्स्या जातात, पोरं क्रिकेट खेळतात,
आणि पाणी खालची माती खात असतं.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. मुलुंडला असतो, रेवतीकडे.
माझ्या मोबाइलमध्ये तो ‘ढेकूण’ म्हणून आहे,
मीच टाकलेलं, पुढे हसरा चेहरा.
परवा ते खोडायला गेलो
तर बोट लागून रिंगच गेली,
आणि तिकडून तो, नेहमीसारखा, माझ्या आधी,
‘बोला! कुणाला चावायचंय?’

हसावं की नाही हे मी ठरवेपर्यंत
त्यानं ते ऐकलं असणार.
त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला.